फोरमनचं फिनलंड

नवी छत्री घेतली की माणूस ती काखेत मारून घरी येतो. आमचा फोरमन आधी नळावर जायचा. कामशेतच्या बाजारात दुकानासमोर एक नळ होता. त्याच्याखाली छत्री उघडी धरायची आणि आतून हात घालून सगळं कापड चाचपायचं. दुकानदार ओरडायचा, "अहो, अजून पैसे दिले नाहीत तुम्ही!"

"म्हनूनच," फोरमन म्हणायचा. "दिल्यावर भिजवून काय उपेग?"

बूट, ताडपत्री, लेकीच्या शाळेचं दप्तर, त्याच्या घरात आलेली वस्तू आधी पाण्यात जायची. एकदा घड्याळ आणलं. वर 'वॉटरप्रूफ' छापलेलं. छापलेल्यावर विश्वास ठेवील तर तो फोरमन कसला! त्यानं ते बादलीत टाकलं आणि सकाळी काढलं, तेव्हा काटे जिथल्या तिथं थांबलेले. भाभी, म्हणजे त्याची बायको, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झाली परीक्षा? आता मलाबी घाला बादलीत."

"तुजी कवाच झाली. लग्नाच्या टायमाला गारपीट झालती, समदं वऱ्हाड पळालं. तू न्हाई पळालीस."

भाभी बादली घेऊन आत गेली. पण त्या दिवशी जेवणात अंडी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ही खोड कारखान्यातली. टाकव्याच्या अंगाला एक केबलचा कारखाना होता. मी तिथं मशीनवर आणि हा आमचा फोरमन. केबल तयार झाली की मोठ्या लाकडी चाकावर गुंडाळायची. त्याला ड्रम म्हणायचं. अख्खा ड्रम पाण्याच्या हौदात सोडायचा, चांगला मुरू द्यायचा, आणि मग तारेतून जोराची वीज सोडून बघायची. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी पाणी ते हुडकून काढतं. मशीन फिनलंडची, पद्धत फिनलंडची, आणि ती शिकायला कंपनीनं ज्याला विमानात बसवून पाठवलं तो हा. एक हिवाळा तिकडं राहिला. माणसं परदेशातून सेंट आणतात, घड्याळ आणतात. यानं एका कंपनीचा इतिहास आणला, आणि गुडघ्याएवढे रबरी बूट.

मशीन ज्या खोक्यांतून आली त्या फळ्या त्यानं साहेबाकडून मागून घेतल्या आणि पलंग करून घेतला. उशाच्या फळीवर परदेशी अक्षरं तशीच ठेवली, रंधा मारू दिला नाही. भाभी शेजारणींना सांगायची, "आमचे हे रोज फिनलंडात झोपत्यात. मी आपली टाकव्यात, खाली चटईवर."

त्याला इतिहास सांगायला कारण लागत नसे. न्हाव्यापुढं मान वाकवली की सुरू. पंगतीत वाढपी भात घेऊन पुढं आला की सुरू. तो बिचारा डाव हातात धरून उभा आणि हा सांगतोय, "तर समुद्राच्या कडंला कारखाना. बाप्ये लढाईवर गेले तर बायांनी मशिनी चालवल्या, येक दिवस बंद पडू दिलं न्हाई." वाढपी म्हणायचा, "भाऊ, भात?" हा म्हणायचा, "थांब, लढाई संपू दे."

त्याच्या तोंडी कायम 'आपली कंपनी'. त्यात आमची टाकव्याची कंपनी नसायची. ती फिनलंडवाली. तिचा तो घरच्या बाईसारखा अभिमान धरायचा. तिचा तीन चुलींचा अध्याय फार गाजलेला. "येक केबलवाले, येक रबरवाले, येक कागदवाले. तीन चुली. तांब्याच्या तारंला कागद गुंडाळायचा, वरनं रबर चढवायचं, म्हंजे येकाचं दुसऱ्याबिगर चालंना. शेवटी येक चूल केली. परके आसून केली! न्हायतर तुमी सख्खे भाऊ." हे तो ज्या लग्नात बोलला, त्या घरचे दोन्ही भाऊ त्याच्या दोन बाजूंना उभे होते आणि वाटणी झाल्यापासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. फोरमनला ते ठाऊक होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

पुढं एक नवे साहेब आले. त्यांनी चहाच्या वेळी त्याला थांबवलं. "फोरमन, किती दिवस सांगणार? ती कंपनी आता राहिली नाही. वाटण्या झाल्या, केबलचा धंदा विकला, नाव बदललं."

फोरमननं बशी खाली ठेवली. "साहेब, तुमच्या बहिनीचं लगीन झालं?"

"झालं."

"आडनाव बदललं?"

"बदललं."

"मंग बहिन ऱ्हायली न्हाई का?"

साहेबांनी चहा संपवला आणि ते गेले. आम्ही हसलो. फोरमन हसला नाही. त्याला त्या बोलण्याचा खरोखर राग आला होता.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणाऱ्यांतला मी नाही. फोरमनचं निम्मं मला पटत नसे. तो म्हणायचा, तिकडं समुद्र गोठतो आणि मी त्यावरून चाललोय. मी म्हणालो, खोटं. नातवानं पुढं मोबाईलवर चित्रं दाखवली. चित्रात काय, काहीही दाखवतात. मी अजून मानत नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगितलंय. आता तो देहूरोडला लेकीकडं असतो. ऐकू कमी येतं, त्यामुळं त्याला मधे थांबवणं आणखी अवघड झालंय. फोन केला की तो बोलतो आणि मी ऐकतो.

त्याच्या इतिहासात एक अध्याय असा होता, की तो पंगतीत सांगत नसे. भरपाईचा. तो मला उशिरा कळला, आणि त्याला कारण माझं भांडण.

धरण झालं तेव्हा आमची खालची जमीन पाण्यात गेली. वरची राहिली, पण पाण्याच्या पलीकडं. घर अलीकडं, वावर पलीकडं, मधे धरणाच्या पाण्याचा फाटा. माझ्या वावराला लागून चुलतभावाचं वावर. दोघांच्या मधे बांध. तो बांध वाकडा होता, मी नांगरताना सरळ केला. चुलतभाऊ म्हणाला, फोडला. देवळात गावकी बसली, तिनंही फोडला म्हणूनच निकाल दिला, आणि म्हणाली नुकसान भरून दे. गावकीला बांधातलं काय कळतं? मी काही भरून दिलं नाही. त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं आणि मी त्याच्याशी.

आता पलीकडं विजेचे खांब न्यायचे तर एक वाट माझ्या वावरातून, दुसरी त्याच्या. त्याच्यातून गेले तर मला वीज मिळते, म्हणून त्यानं अडवले. माझ्यातून गेले तर त्याला मिळते, म्हणून मी. भात निघाला की दोघांचीही जमीन भेगाळून पडायची. पाणी पायाशी, पण ते वर खेचायला मोटर नाही, कारण वीज नाही.

माझा थोरला एकदा जेवताना म्हणाला, "आबा, येका पिकासाठी किती दिस धरून बसायचं? पुन्याचे लोक बंगल्याला जागा मागत्यात. देऊन टाकू." माझ्या साडूनं मळवलीला दिली. आता त्याच वावरात उभ्या राहिलेल्या बंगल्याचं फाटक तो उघडतो, शनिवारी आलेल्यांच्या गाड्या आत घेतो. खाऊनपिऊन सुखी आहे, मी नावं ठेवत नाही. पण माझ्याच वावराच्या फाटकावर मी उभा राहून दुसऱ्याला आत घ्यायचं, हे माझ्यानं व्हायचं नाही. थोरल्याला म्हणालो, "येक साल थांब. फुडच्या उन्हाळ्यात वावर हिरवं दिसलं न्हाई, तर तू म्हनशील तसं."

बोलून बसलो. हिरवं करायचं कशानं, ते काही सुचत नव्हतं.

फोरमन तेव्हा कामावरून रिटायर झाला होता, संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. त्याला सांगितलं. त्यानं डोळ्यांवर हात धरून पलीकडं पाहिलं.

"खांब कशाला पायजे? पान्यातनं न्हेऊ. आमी समुद्रातनं न्हेलीय, बेटाबेटावर दिवं लावलंत. ह्ये तर डबकं."

यानं कधी कुठल्या बेटावर दिवा लावला नव्हता. लावला असेल तर कंपनीनं, तोही याच्या जन्माच्या आधी. पण म्हणाला 'आमी', आणि तसाच उठून मला त्याच्या परसात घेऊन गेला. कारखाना दुसऱ्याच्या हातात गेला तेव्हा ड्रमच्या तळाशी उरलेले तुकडे त्यानं विकत घेऊन ठेवले होते. पोलादी पट्टीचं कवच असलेली जाड काळी केबल. एक तुकडा अख्खा, लांबलचक. दुसरे दोन तोकडे, पण जोडले की तेवढेच लांब.

"मला येकच लागंल," मी म्हणालो.

"दुसरी तुज्या चुलतभावाला."

मी तिथूनच घरी आलो. दोन-तीन संध्याकाळी तो ओट्यावर आला, मी बाहेर आलो नाही. तो बसायचा, तंबाखू मळायचा, आमच्या कुत्र्याशी बोलायचा आणि जायचा. चौथ्या दिवशी माझी बायको म्हणाली, "कुत्र्याला आता फिनलंड तोंडपाठ झालंय. जावा की भाईर."

मी गेलो. फोरमन म्हणाला, "हारलास ना गावकीत?"

"मी हारलो न्हाई. गावकी हारली."

"बरं, गावकी हारली. पर निकाल तुज्यावर हाय." मग त्यानं आवाज खाली आणला. घरातलं सांगावं तसा सांगायला लागला. "आपल्या कंपनीचा मुलूख लढाई हारला. शेजारी लय मोठा. त्यो म्हनला, भरपाई द्या. पैका नगं, वस्तू द्या. जहाजं द्या, मशिनी द्या, केबल द्या. केबल आपल्या कंपनीच्या वाट्याला आली. वरसानुवरसं केली आन् दिली."

"चुकलो म्हनाले का?"

"कोन?"

"त्ये. हारलेले."

"छ्या! आजून घरात म्हनत आसत्याल, जमीन आमचीच हुती. तोंडानं काय बी कबूल केलं न्हाई. केबल दिली."

गावकीपासून सगळे मला एकच सांगत होते, चुकलो म्हण, मिटतंय. तोंडानं काही न म्हणता नुसती वस्तू देता येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक अख्खा देश करून बसला होता.

"बरं," मी म्हणालो. "जोडाची त्याला. अख्खी मला."

"न्हाई. अख्खी त्याला."

"आरं, माजा लाभ काय मंग?"

"ऐक तर. शेजाऱ्याची मान्सं तपासाया यायची. ड्रमन् ड्रम बघायची. आपल्या कंपनीनं पयल्या परतीचा माल दिला, येक जोड न्हाई, येक खोट न्हाई. भरपाई फिटली. आन् मंग त्योच शेजारी परत आला, म्हनला, आता इकत द्या. वाईट दिली आसती तरीबी फिटली आसती. पर परत कोन आलं आसतं?"

हे खरं की त्यानं रचलेलं, मला माहीत नाही. तिकडं जाऊन विचारणार कोण? मी कबूल झालो ते एवढ्यासाठी, की चुलतभावाला खोट काढायला जागा राहू नये. दुसरं कारण कुणी लावू नये.

फोरमननं दोन तोकड्यांचा जोड स्वतः केला. घरातून सगळ्यांना बाहेर काढलं, धूळ नको म्हणून. सोनारासारखा बसला होता. मग दोन्ही केबली धरणाच्या काठाला पाण्यात सोडल्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू दिला नाही. म्हशी पाण्यावर आल्या तर त्यांच्या अंगावर रबरी बूट घालून धावून गेला. त्यानंतर वीज मंडळाचा वायरमन आला, दांडी फिरवायच्या यंत्रानं त्यानं दोन्ही तपासल्या. म्हणाला, "काका, नवीन केबलचंबी एवढं चांगलं येत न्हाई." फोरमननं त्याला लगेच इतिहास सांगायला घेतला. वायरमनला अजून तीन गावं करायची होती.

मग फोरमन चुलतभावाच्या दारात गेला. चुलतभाऊ देहूरोडच्या डेपोत स्टोअरला होता, आयुष्यभर माल तपासून घेतलेला माणूस. फोरमन म्हणाला, "तुजी केबल काठावर पडलीय. अलीकडच्या खांबाखाली मीटर लाव."

"कुनी दिली?"

"पडलीय म्हनलं ना."

चुलतभाऊ आला. मी जरा बाजूला दगडावर बसून होतो, त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. उकिडवा बसला आणि केबलचं टोक मुठीत धरून सरकत निघाला. अख्खी केबल त्यानं मुठीतून काढली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. जोड शोधत होता. सापडला नाही. मग माझ्या केबलकडं गेला. अर्ध्यावर मूठ थांबली. तिथं जोड होता, मनगटाएवढा फुगलेला. तो जोड त्यानं अंगठ्यानं सगळीकडून चाचपून पाहिला.

"फोरमन, आदलाबदल झालीय."

"न्हाई."

चुलतभाऊ उठला, धोतराला हात पुसले आणि गेला. मला वाटलं, गेली केबल वाया. पण आठवड्यात त्यानं मीटरचा अर्ज केला.

मीटर बसले त्या आठवड्यात आम्ही केबली पाण्यात टाकल्या. ट्रकच्या ट्यूबा फुगवून त्यांना दोरीनं बांधून केबल तरंगत नेली आणि पलीकडं पोचल्यावर एकेक दोरी कापत गेलो. केबल शांतपणे खाली गेली. फोरमन मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता, बुटात पाणी गेलेलं. "हितं पानी गोठत आसतं तर बैलगाडीतनं न्हेली आसती!" मी इकडून ओरडलो, "गोठत नस्तं पानी!" पाण्यावरून आवाज लांब जातो. सगळ्या काठानं ऐकलं.

मोटरी चालू केल्या तो दिवस उन्हाचा होता. आधी त्याची चालू झाली, मग माझी. जोड टिकला. भेगांतून पाणी आत जाताना बुडबुड असा आवाज करतं, तो मी त्या जमिनीत पहिल्यांदा ऐकला. थोरला पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाण्यात उभा राहिला. म्हणाला, "आबा, बंगलेवाल्याला काय सांगू?"

"सांग, हितं भुईमूग हाय."

"आजून पेरला न्हाई."

"त्याला काय कळतंय?"

पोरगा हसला आणि फोन काढून बांधाच्या कडेला गेला.

दुपारी आंब्याखाली भाकरी सोडली. फोरमन, मी, माझी बायको आणि भाभी. चुलतभाऊ त्याच्या वावरात उभा होता, खोऱ्यानं पाणी वळवत. त्यानं खोरं टेकवलं आणि आमच्याकडं आला. आला तो बांधापर्यंत. पुढं नाही.

"फोरमन," तो म्हणाला. "आता तरी सांगा. अख्खी मला आन् जोडाची ह्याला, आसं का?"

आयुष्यभर या माणसानं कुणी न विचारता सांगितलं होतं. न्हाव्याला, वाढप्याला, वायरमनला, माझ्या कुत्र्याला. आज पहिल्यांदा कुणी आपणहून विचारत होतं. मी मनात म्हटलं, आता हा संध्याकाळ करणार. तर फोरमननं पाऊण भाकरी एकदम तोंडात कोंबली. दोन्ही गाल टम्म. बोलता येईना. त्या भरल्या तोंडानंच त्यानं हात लांब केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

भाभी म्हणाली, "अगंबाई, ह्यांना काय झालं?"

चुलतभाऊ माझ्याकडं बघत होता. मी पाणी प्यालो. आणखी एकदा प्यालो. मग म्हणालो, "फिनलंड म्हनून येक मुलूख हाय."

"बरं."

"त्याचं शेजाऱ्याशी वाजलं. जमिनीवरनं."

"मंग?"

"मंग लढाई झाली. त्यात त्यो मुलूख..." फोरमन चावायचा थांबला होता. "त्यो मुलूख हारला."

"हारला म्हंजे?"

"हारला म्हंजे हारला," मी म्हणालो.

चुलतभावानं खोरं आडवं ठेवलं आणि तिथंच बांधावर बसला, पुढचं ऐकायला. बायकोनं एका भाकरीवर कांदा ठेवून त्याच्यापुढं केला, तो त्यानं घेतला. बांध माझा आहे. पण मी त्याला उठवलं नाही, पुढं सांगत राहिलो.